पुंडलिकरावांची मोटार

"लाईनच नाही नं काका. कायच्यानं करू?" धर्मपालनं दुकानातल्या बंद पंख्याकडे बोट दाखवलं.

पुंडलिकरावांनी पंख्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात खोलून ठेवलेल्या आपल्या जळक्या मोटारीकडे. अठरा दिवसांपूर्वी त्यांनी ती आर्णीच्या या दुकानात आणली होती. बारा किलोमीटरवरून हा त्यांचा चौथा हेलपाटा. खोललेली मोटार दुसरीकडे नेताही येत नव्हती.

"पऱ्हाटी बोंड धरून राह्यली, धर्मपाल. एक पाणी भेटलं तं पिकंन, नाही तं गळून जाते सारं. विहिरीत पाणी हाय नं बाप्पा, निस्तं वर येत नाही."

"उद्या पक्की देतो."

पुंडलिकराव मान हलवून बस स्टँडकडे गेले. माणूस भला. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं धर्मपालला पुढे अनेकदा वाटलं.

धर्मपालच्या हातात कसब होतं, यात वाद नाही. यवतमाळला आयटीआय केलेला. जुनी जळकी तार काढून त्यानं नवी भरली की पाच वर्षं मोटारीकडे बघावं लागत नसे. पण त्याचे हात चालायच्या आधी तोंड चालायचं. उन्हाळ्यात उकाडा फार, पावसाळ्यात वार्निश वाळत नाही, दिवाळीत तर दिवाळीच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. याला नाचता येत होतं, तरी अंगण वाकडंच. त्यात भारनियमन आलं आणि त्याला बसल्या जागी सबब मिळाली. दिवसातले बारा-बारा तास वीज नसे. "लाईन नाही" म्हटलं की समोरचा माणूस गप्प. मग धर्मपाल समोरच्या पानठेल्यावर बसून कापसाच्या भावावर बोलायचा. दोन हजार पाच-सहाची ती वर्षं. सगळा तालुकाच डोक्याला हात लावून बसला होता, त्यात याचं बसणं कोणाला वेगळं दिसत नव्हतं.

ते दिसलं त्याच्या बायकोला. त्याच दुपारी पंचफुला डबा घेऊन आली तेव्हा तो ठेल्यावर होता.

"पुंडलिकरावची मोटार काहून नाही भरली?"

"लाईन नाही."

"तार हातानं गुंडाळता का लाईनीनं?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. "बारा वरसं पाहून राह्यली मी. लाईन लागते ते शेवटी, मोटार फिरवून पाहाले. लोकाइले मालूम नाही. मले तं मालूम हाय."

रागवायलाही काही निमित्त लागतं, ते धर्मपालला सापडेना. तो उठला आणि दुकानात जाऊन कामाला बसला. संध्याकाळपर्यंत निम्मी तार भरून झाली, दुसऱ्या दिवशी दुपारी वार्निश लावून मोटार उन्हात ठेवली. दीड दिवसाचं काम. ते दीड दिवसाचंच आहे, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पुंडलिकराव काही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मोटार लुनाला बांधून तोच निघाला.

शेतात पोचला तर पऱ्हाटीत, कपाशीच्या उभ्या पिकात, गुरं मोकळी चरत होती. तो हाकलायला धावला.

"राहू दे भाऊ," बांधावर बसलेल्या विमलताई म्हणाल्या. पुंडलिकरावांच्या बायको. "आमचीच हायत. बोंडं गळाली सारी. काल आमीच सोडली."

पुंडलिकराव झाडाखालून उठून आले. लुनावरच्या मोटारीवर त्यांनी हात ठेवला. "आनली का? चांगलं केलं. लाईनच राहत नाही, तू तरी काय करशीन."

ते मनापासून बोलत होते. 'हो नं' म्हणून मान हलवली असती तर धर्मपाल सुटला असता. आजवर तो असाच सुटत आला होता.

"काका, तार भराले लाईन लागत नाही," तो म्हणाला. "मी निस्ता बसून होतो."

पुंडलिकरावांनी मोटारीवरचा हात काढून घेतला. विमलताईंनी तोंडाला पदर लावला.

"बसव," पुंडलिकराव म्हणाले. "आता लाईन हाय. पाहू तरी."

एखादी शिवी दिली असती तर धर्मपालनं ती निमूट घेतली असती. त्यानं मोटार बसवली आणि बटण दाबलं. कुठं खरखर नाही, थरथर नाही. पाइपातून पांढरंशुभ्र पाणी धो धो पडू लागलं. इतकी सुरेख मोटार त्यानं बारा वर्षांत भरली नव्हती, आणि त्याला रडू आवरेना.

पाणी पाटानं शेतात शिरलं. पुंडलिकरावांनी फावडं उचललं आणि पहिल्या सरीचं तोंड उघडलं.

"कायले करता आता?" विमलताई म्हणाल्या.

पुंडलिकराव फावड्यावर टेकून उभे राहिले. गुरांनी ओरबाडलेल्या खोडांच्या मुळाशी पाणी शेवटपर्यंत पोचू दिलं. मग माती ओढून ती सरी बंद केली आणि दुसरी उघडली.