डावा स्पीकर

सासऱ्यांनी दातांत धरलेला टॉर्च काढला, स्टीरिओमागची धूळ फुंकली आणि लाल पिन उजव्या भोकात खुपसली.

"पांढरी डावीकडे. एवढं मलाही कळतं."

"मी कुठे काय म्हटलं?" सून हसली. ती मांडीवर लॅपटॉप घेऊन फरशीवरच बसली होती. तिने आणलेली डबी साबणाच्या वडीएवढी होती. लॅपटॉपवरचं गाणं वायफायवरून त्या डबीत उतरणार, तिथून स्टीरिओत आणि मग कमरेएवढ्या दोन स्पीकरांत. स्टीरिओचा कॅसेटचा भाग केव्हाच निकामी झाला होता आणि रेडिओ नुसता खरखरायचा. तरी सासरे रोज तो पुसत असत.

"आधी माझ्या लॅपटॉपवरून बघू. मग तुमच्या कॉम्प्युटरवर बसवून देते. आम्ही गेल्यावर तुम्हाला करमणूक."

'आम्ही गेल्यावर' म्हटल्याबरोबर सासूबाईंनी स्वयंपाकघरात एक पातेलं जरा जास्तच जोरात ठेवलं.

मुलाला शहराच्या दुसऱ्या टोकाला नोकरी लागली होती. तिथला एक फ्लॅट बघून झाला होता, मालकाला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. मुलाने 'तू ठरव, मी रोज जाऊन-येऊन करीन' म्हणून हात झटकले होते. सासरे मात्र ठाम होते. जा, खुशाल जा, आमची काळजी नको, असं ते चहाच्या वेळी म्हणत, जेवताना म्हणत, आणि कुणी विचारलं नसतानाही म्हणत. मनातून त्यांना ती जायला नको होती. तिच्याइतकं त्यांच्याशी भांडणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

सुनेने कुठेतरी क्लिक केलं. क्षणभर काहीच झालं नाही.

"येतंय, बाबा. वाटेत आहे."

मग स्पीकरांतून सारंगी निघाली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. सासरे टॉर्च हातात तसाच धरून उभे राहिले. डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी धुळीच्या नावावर खपवलं.

"आवाज दोन्हीकडे ठेवलाय," ती लॅपटॉप घेऊन उठत म्हणाली. "मला हेडफोनमध्ये, तुम्हाला इथे. मी वर जाऊन माझ्या आईला कॉल लावते जरा."

"तीन मिनिटं झाली की वायर काढीन," सासरे म्हणाले. त्यांची ही थट्टा जुनीच होती. त्यांचा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला होता. ट्रंक कॉल जोडायचे, तीन मिनिटं झाली की 'वाढवायचा का?' विचारायचं, आणि मधल्या वेळात कान काढून घ्यायचा. लोकांची लग्नं, मोडलेली लग्नं, नोकऱ्या त्यांच्या हाताखालून गेल्या, पण त्यांनी एक शब्द ऐकला नाही. या गोष्टीचा त्यांना पेन्शनीपेक्षा जास्त अभिमान होता.

वर दार लागलं. सारंगी मध्येच थांबली आणि हॉलभर विहीणबाईंचा आवाज घुमला.

"अगं, पण ते तर तुला जा म्हणतात ना?"

सासूबाई ओल्या हातांनी धावत बाहेर आल्या. सुनेचा आवाज नव्हताच. तो लॅपटॉपपासून तिच्या आईकडे जात होता. इकडे येत होती ती फक्त उत्तरं.

सासऱ्यांनी झेप घेऊन बटण शून्यावर फिरवलं.

"अहो! ऐकू तरी द्या!"

"लाइनवर कान ठेवायचा नाही."

"रिटायर झालात तुम्ही!"

"कान रिटायर होत नाहीत."

पण बटण जुनं होतं. शून्यावरही डावा स्पीकर कुजबुजत राहायचा. सासूबाईंना ते ठाऊक होतं. त्यांनी फडकं घेतलं आणि डावा स्पीकर, फक्त डावाच, अगदी कान टेकवून पुसायला घेतला.

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. स्टीरिओ सरळ बंद करावा, हे गडबडीत त्यांना सुचलं नाही. ज्याची लाइन त्याला आधी सांगायचं, हे मात्र सुचलं. ते धापा टाकत जिना चढले आणि दार वाजवलं.

सुनेने हेडफोन काढून दार उघडलं.

"सूनबाई, क्रॉस कनेक्शन झालंय. तुझी आई हॉलमध्ये बोलतेय."

तिने जीभ चावली. "अगंबाई! बंद करायचं राहिलंच. किती ऐकलंत?"

"एकच वाक्य. मी तुला जा म्हणतो, एवढंच."

"म्हणताच की."

"म्हणतो."

"का पण?"

सासऱ्यांनी दाराच्या कडीशी चाळा केला. "थांब म्हटलं असतं तर तू माझ्यासाठी थांबली असतीस. तसं नको होतं मला. तुझ्या मनाने ठरव, म्हणून जा म्हणत होतो."

"आणि मला वाटत होतं, तुम्हाला दोघांना मोकळं घर हवंय."

"वेडी आहेस का तू?"

"मी आईला तेच सांगत होते. मला जायचं नाहीये, पण इथे मला कुणी थांब म्हणत नाहीये." ती खाली बघून म्हणाली, "खाली जा बाबा, आणि आवाज वाढवा. माझीच लाइन आहे, माझी परवानगी आहे."

सासरे खाली आले. सासूबाई स्पीकरला चिकटूनच होत्या. त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की काही विचारायची गरज नव्हती. सासऱ्यांनी बटण फिरवलं, मग जिन्याच्या पायथ्याशी गेले, घसा खाकरला आणि आयुष्यात प्रथमच घरातल्या घरात ओरडले,

"थांब गं!"

वरून उत्तर आलं नाही. क्षण गेला, दोन गेले. वाटेत असेल, असं म्हणत ते स्टीरिओकडे वळले.

मग दोन्ही स्पीकरांतून एकदम, काचा थरथरवत, विहीणबाई म्हणाल्या, "ऐकू आलं हो, व्याही! रडतेय ती. वाढवा जरा कॉल."