अळंब्यांच्या मोहरा

"मारा ना त्या डुकराला, आत्या! पन्नास मोहरा मिळतील!" शिवरंजनी ओरडली.

"जीव हाय त्याला," असं म्हणत तिच्या सासूबाईंनी, चन्नबसम्मांनी, टीव्हीवरच्या गेममधल्या वीराला डुकराला वळसा घालून झाडाखाली नेलं. तिथे अळंब्या उगवल्या होत्या. एकेक तोडून त्यांनी थैलीत टाकली.

परभणीत चन्नबसम्मांची पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यावर त्यांनी ती एकटीने चालवली, मुलाला मोठं केलं. यंदा गिरणीच्याच पायरीवरून पडून मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं आखडली. बोटं हलवत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा नव्या सुनेने आपल्या गेमचा रिमोट त्यांच्या हातात दिला. तोवर दोघींमध्ये "चहा ठेवू?" "ठेव" याच्या पुढे बोलणं जात नव्हतं.

शिवरंजनीला चांदीची तलवार घ्यायची होती. तिच्याशिवाय डोंगरावरचा राक्षस मरत नव्हता, आणि तिला तीस हजार मोहरा पडत होत्या. शिवरंजनी दिसेल त्याच्यावर तुटून पडायची आणि मिळालेलं सगळं जखमांच्या औषधात घालवायची. सासूबाईंनी मात्र वेगळीच रीत बसवली. कच्ची अळंबी विकली तर चार मोहरा. वैद्याच्या झोपडीत तिचा काढा केला तर बारा. वीराला धर्मशाळेत झोपवून उठवलं की जंगलात अळंब्या पुन्हा हजर.

"रोजचं दळण हाय हे," त्या खुशीत म्हणाल्या.

दुपारी मुलगा, राजशेखर, दुकानावर असायचा. शिवरंजनी चहा घेऊन शेजारी टेकायची. बोलता बोलता माहेरचं सांगायची. एकदा चन्नबसम्मा म्हणाल्या, "मला पवायला लय आवडायचं. इहिरीत उडी टाकायची मी, पोरांच्या बरोबरीनं. हितं आल्यावर कुणी इचारलंच न्हाई."

अखेर थैलीत तीस हजार मोहरा जमल्या. तलवार घ्यायला चन्नबसम्मा शहराकडे निघाल्या. वाटेतल्या लाकडी पुलावर एक दरोडेखोर उभा होता. त्याच्या एका घावात वीर पडला आणि थैलीही तिथेच पडली.

"शिवा, अगं, इकडं ये!"

शिवरंजनी पिठाच्या हातांनी धावत आली. "घाबरू नका. थैली तिथंच हाय. पण एकदाच आणता येती. परत मेलात तर गेली. द्या, मी त्याला उडवते."

"ऱ्हाऊ दे. मी पाडली, मीच आणते."

धर्मशाळेत पुन्हा जिवंत झालेल्या वीराला त्यांनी दबकत पुलावर नेलं. दरोडेखोराची पाठ होती. थैली अगदी पायाशी आली, आणि तो वळला.

"मारा! लाल बटण दाबा, आत्या!"

चन्नबसम्मांचं बोट लाल बटणावरच होतं. ते तिथेच राहिलं. वीर कोसळला. मोहरांचा आकडा शून्यावर आला.

चन्नबसम्मांनी रिमोट गादीवर ठेवला. आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवणारी बाई सुनेकडे बघेना.

"बटण का नाही दाबलं?"

"समोर माणूस बघून मन झालं न्हाई गं. त्याला बी आई असंल की. तुजी तलवार गेली माज्यापायी."

शिवरंजनीने ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. "दरोडेखोराची आई!" म्हणत ती सासूच्या खांद्यावर कलंडली. पिठाचा पांढरा हात चन्नबसम्मांच्या पदरावर उमटला. मग त्याही हसू लागल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"जाऊ द्या तो राक्षस," शिवरंजनी डोळे पुसत म्हणाली. "अळंब्या कुठं उगवतात ते दाखवा मला."

"चुलीवर काय हाय?"

"बंद केलंय."

मग एकाच रिमोटची डावी बाजू सुनेने धरली, उजवी सासूने. सून वीराला नदीकडे ओढत होती, सासू त्याची मान झाडांकडे वळवत होती. दोन मालकिणींचा तो बिचारा वीर तिरपा तिरपा चालत, झुडपांना धडकत, जंगलात शिरला.