टिपरची शिट्टी

कायोटीला, त्या कोकरं पळवणाऱ्या छोट्या लांडग्याला, बंदुकीच्या टप्प्यात बोलवायचं म्हणजे घायाळ सशासारखं किंचाळायचं, वारा तोंडावर घ्यायचा आणि जागचं हलायचं नाही. एवढं साधं. शेजारच्या लोवेलला तेही जमलं नाही. ट्रकच्या टपावर भोंगा लावून तो आठवडाभर सशाच्या किंचाळ्या वाजवत बसला आणि झाडलेली प्रत्येक गोळी हुकवली. आता आमच्या कुरणावरची कायोटीची जोडी इतकी शहाणी झाली होती की माझ्या भावाची, हार्लनची, सशासारखी किंचाळणारी पिपाणी वाजली की दुसऱ्याच दिशेला निघायची. कोकरं मात्र रोज कमी होत होती.

“आता टिपरच,” हार्लन म्हणाला.

मे महिन्यात कायोटीची पिल्लं बिळात असतात. कुत्रा दिसला की नर-मादी दोघं त्याच्या अंगावर जातात. आमचा म्हातारा कुत्रा टिपर त्यांना चिडवायचा, शिट्टी ऐकली की वळायचा आणि दोघांना मागे घेऊन थेट बंदुकीसमोर यायचा. पण हिवाळ्यापासून तो ठार बहिरा झाला होता. मी ते हार्लनपासून लपवलं होतं. वडिलांनी कामातून गेलेला एकही कुत्रा पोसला नव्हता, आणि हार्लन त्यांच्याच वळणावर गेलाय.

“त्याचा पाय दुखतोय,” मी म्हटलं.

“नाटकं पुरे, विल्मे. चल.”

उतारावरच्या झुडपांत बसलो. टिपर खाली गेला, आणि दोन्ही कायोटी बिळापासून उठून त्याच्यावर धावले. हार्लनने शिट्टी वाजवली. टिपर वळला नाही. पुन्हा वाजवली. मादी वळसा घालून त्याच्या मागे पोचली होती. मी ताडकन उभी राहिले आणि डोक्यावरची हॅट काढून हलवली. टिपरने पाहिलं आणि जीव तोडून माझ्याकडे पळत सुटला. कायोटींनीही मला पाहिलं आणि पसार झाले.

“उभी राहिलीस? अगं, डोकं फिरलंय का तुझं?”

“त्याला ऐकू येत नाही!” मला रडू फुटलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

हार्लनने टिपरच्या मागे जाऊन टाळी वाजवली. टिपर माझ्याकडेच बघत शेपटी हलवत राहिला.

“आणि मी समजत होतो,” हार्लन हळूच म्हणाला, “म्हातारा माझ्यावर रुसलाय. हाक मारली तरी येत नाही म्हणून.”

त्या संध्याकाळी त्याने पिठाची रिकामी पांढरी पिशवी काठीला बांधली. पिशवी हलली की पळत यायचं, आल्यावर बेकनचा तुकडा. टिपरला ते दोन दिवसांत कळलं. मग आम्ही पलीकडच्या उतारावर बसलो. मी झुडपाआड पडून पिशवी हलवली. टिपर वळला, दोन्ही कायोटी चवताळून त्याच्या मागे आले, आणि हार्लनने दोघांनाही पाडलं.

टिपरला बंदूक ऐकूच आली नाही. तो तसाच धावत आला आणि हार्लनच्या मांडीत घुसून थरथरत राहिला. त्याच्या लेखी ते दोघं अजून मागेच होते. हार्लनने बंदूक बाजूला ठेवली, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि उताराकडे वळवलं.

“बघ, संपलं,” तो म्हणाला. टिपरला ऐकू येत नाही हे विसरून तेच पुन्हा पुन्हा, दर वेळी आणखी मोठ्याने सांगत राहिला.