रविवारचं पाणी

आमच्या अहवालाला पहिली शाबासकी कारखान्याच्या मॅनेजरनं दिली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. त्यांनी कॉलेजात फोन करून प्राचार्यांना सांगितलं, की तुमच्या मुलांनी सहा महिने ओढ्याचं पाणी तपासलं, हे फार मोठं काम आहे आणि शनिवारच्या सुनावणीत आम्ही हा अहवाल आमच्या अर्जाला जोडणार आहोत. प्राचार्य खूश झाले. माझ्या गटातला चष्मा तर हवेतच होता. मी घरी येऊन आईला सांगितलं, तीही खूश झाली. बाबा मात्र ताटातून डोकं वर न काढता जेवत राहिले. मला वाटलं, दमले असतील.

सुनावणी होती ती कारखान्याच्या वाढीची. कापड रंगवायचा कारखाना, त्याला आता दुप्पट व्हायचं होतं, आणि त्यासाठी परवानगी हवी होती. ओढा स्वच्छ असेल तर परवानगी मिळणार होती. कारखाना दुप्पट झाला की चाळीस हंगामी कामगार कायम होणार होते, आणि त्या चाळिसांत माझे बाबा होते. अकरा वर्षं ते हंगामी होते. अकरा वर्षांचा हंगाम कुठल्या पिकाचा असतो, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आम्ही तिघं म्हणजे मी, चष्मा आणि सगळं सावकाश करणारी गोगलगाय. तिघंही रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. गल्लीत आम्हाला बाटलीगँग म्हणायचे, कारण दर रविवारी सकाळी आम्ही पिशवीभर रिकाम्या बाटल्या घेऊन ओढ्यावर जायचो. "सकाळी सकाळीच बाटली का रे?" हा विनोद सहा महिन्यांत किमान दोनशे वेळा ऐकला असेल. आम्ही पाण्यात पीएच मोजायचा मीटर बुडवायचो, आकडा वहीत लिहायचो, बाटली भरून चिठ्ठी लावायचो. चांगलं पाणी सातच्या आसपास असतं. आमचं पाणी दर वेळी सात, सव्वासात. पंचवीस रविवार, एकही आकडा वाकडा नाही.

ओढ्याच्या खालच्या अंगाला एक मावशी लोकांचे कपडे धुवायची. तिच्या दोन्ही तळहातांची सालं निघालेली असायची. तिसऱ्या की चौथ्या रविवारी तिनं आम्हाला सांगितलं होतं, की पोरांनो, रविवारी काय येता, मधल्या वारी या. त्यावर चष्मा तिला म्हणाला, "मावशी, पाणी काही वार बघून वाहत नाही." आम्ही तिघंही हसलो होतो. मीही हसले होते, हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात. शिकलेली माणसं होतो ना आम्ही. हातात मीटर होता, मग बाईच्या हाताकडे कशाला बघायचं?

तरी त्या दिवशी घरी येऊन मी बाबांना विचारलं होतं. रविवारी कारखाना बंद असतो का? कारखान्याचं धुराडं तर रविवारीही धुमसत असायचं. बाबा म्हणाले, चालू असतो की, पाळ्या असतात, माझी सुट्टी रविवारी, दुसऱ्याची सोमवारी. एवढं बोलून ते माझ्या बाटल्या घासायला बसले. दर शनिवारी संध्याकाळी माझ्या बाटल्या तेच घासायचे, बारीक ब्रशनं, तळापर्यंत. मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायचे, की आमच्या गँगचा चौथा मेंबर घरीच आहे.

मॅनेजरच्या शाबासकीनंतर मात्र माझं डोकं चालायला लागलं. ज्याच्याविरुद्ध आपण पुरावा गोळा करतोय, तोच पाठ थोपटतोय म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. बुधवारी मी प्रॅक्टिकल बुडवलं आणि एकटीच ओढ्यावर गेले.

अकरा वाजेपर्यंत पाणी नेहमीसारखं होतं. मग आधी वास आला, नाकातून थेट डोळ्यांत जाणारा. मागोमाग काळंजांभळं पाणी आलं, वर फेस, आणि बघता बघता ओढा काठापासून काठापर्यंत रंगला. मावशीनं धुणं आधीच वर काढून ठेवलं होतं. तिला वेळ माहीत होती. मी मीटर बुडवला. साडेदहा. साबणाच्या पाण्यालाही एवढा आकडा दाखवताना विचार करावा लागेल. मावशी नुसती माझ्याकडे बघत होती. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी काठानं वर गेले, कारखान्याच्या तारेच्या कुंपणापर्यंत. आत मोठी झाकलेली टाकी होती, टाकीतून ओढ्यात उतरणारा नळ होता आणि नळावर चावी, म्हणजे गाडीच्या स्टिअरिंगएवढं लोखंडी चाक. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला एक माणूस ते चाक दोन्ही हातांनी फिरवत होता. त्यानं मान वर केली. माझे बाबा.

ते रंगाच्या खात्यात कापड उचलतात, असंच मला माहीत होतं. आम्ही तारेच्या दोन बाजूंना उभे राहिलो. मला हाक मारता येईना आणि त्यांनाही चाक सोडता येईना. शेवटी मी वळले आणि बाटली छातीशी धरून घरी आले.

संध्याकाळी ते आले तेव्हा मी दारातच होते. त्यांनी बूट काढायच्या आधीच मी विचारलं, रविवारी कारखाना बंद असतो की चालू. ते म्हणाले, बंद असतो. फक्त बॉयलर थंड होऊ देत नाहीत. रविवारी दिवसभर ओढ्यात विहिरीचं पाणी सोडतात, आणि तुमची गँग सुरू झाल्यापासून तर जरा जास्तच सोडतात.

"आणि तुम्ही माझ्या बाटल्या घासत होतात," मी म्हणाले. "पंचवीस आठवडे. लाज नाही वाटली?"

"वाटायची. म्हणून तर घासायचो."

मला ते वाक्य ऐकून भांडं भिंतीवर आपटावंसं वाटलं. असलं बोलून माणूस मोकळा होतो आणि समोरच्याच्या तोंडाला कुलूप बसतं. मी कुलूप बसू दिलं नाही. नको नको ते बोलले. तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं आवाज चढवला नाही. तुझी फी, तुझी पुस्तकं, तुझा तो मीटर, सगळं त्या चाकावरच आलंय, एवढं तिनं सांगितलं आणि आत गेली. बाबांनी एकच मागितलं. शनिवारी हवं ते बोल, आकडे सांग, फक्त चावी कोण फिरवतं ते सांगू नकोस. मी हो म्हणाले. रागानं म्हणाले, पण म्हणाले.

त्या दिवसांत मी चष्म्याशीही भांडले. तो म्हणत होता, अहवाल मागे घेऊ या, चूक झाली म्हणून पत्र देऊ. गोगलगायीनं पहिल्यांदाच चटकन उत्तर दिलं. ती म्हणाली, पत्र फायलीत जातं, आपण उभ्यानं सांगायचं. आणि तिनं जाऊन मावशीला सुनावणीला यायचं निमंत्रण दिलं.

शनिवारी शाळेचा हॉल भरला होता. पुढच्या चार रांगांत कामगार, सगळ्यांच्या अंगावर कारखान्यानं वाटलेले नवे निळे शर्ट. बाबा दुसऱ्या रांगेत होते. टेबलामागे परवानगी देणाऱ्या अधिकारी बाई. मॅनेजरनं आमच्या अहवालातली वाक्यं वाचून दाखवली, आमची, आम्ही रात्रंदिवस घासूनपुसून लिहिलेली. मग मी माईकपाशी गेले.

मी म्हणाले, हा अहवाल खोटा नाही, पण आम्ही मूर्ख आहोत. आम्ही फक्त रविवारी गेलो, कारण इतर दिवशी कॉलेज असतं. रविवारी कारखाना बंद असतो. बुधवारचं पाणी हे असं आहे. आणि मी बाटली टेबलावर ठेवली. अधिकारी बाईंनी झाकण उघडलं आणि लगेच लावलं.

मॅनेजर उठले. त्यांचा आवाज फार गोड होता. मुलं आहेत, उत्साहात बोलतात, असं ते म्हणाले. कारखाना रविवारीही चालतो, आणि एका बाटलीत काय, कुणीही काहीही भरून आणू शकतं. मग ते रांगेकडे वळले.

"हिचे वडीलच आमच्याकडे टाकीच्या चावीवर आहेत. माझ्यावर नको, त्यांच्यावर तर विश्वास ठेवाल? उठा हो, सांगा जरा बाईंना."

मी दिलेला शब्द पाळला होता आणि चावीचं गुपित मॅनेजरनंच असं उघड्यावर फेकलं. त्याला खात्री होती. अकरा वर्षं वाट बघितलेला माणूस शेवटच्या पायरीवर काय बोलेल, याची पक्की खात्री. आणि खरं सांगायचं तर मलाही होती. मी मनात म्हणत होते, म्हणा, मुलगी खोटारडी आहे म्हणा, उरकून टाका एकदाचं.

बाबा उठले. नव्या शर्टाची घडी अजून त्यांच्या पाठीवर दिसत होती.

"रविवारी बंद असतो," ते म्हणाले. "बाकी सहा दिवस अकरा वाजता मीच सोडतो पाणी. तपासायला कुणी येणार असलं की आदल्या दिवशी फोन येतो, मग नाही सोडत. मुलीला मी खोटं सांगितलं होतं. तिचं माप बरोबर आहे."

अधिकारी बाई लिहायला लागल्या. मॅनेजरनं बाबांकडे बघितलंसुद्धा नाही, शेजारच्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलं. बाबा बसायला गेले, तर दोन्ही बाजूंच्या कामगारांनी आपापल्या खुर्च्या सरकवून घेतल्या. त्यांचंही कायम होणं आत्ताच गेलं होतं. एकानं तर तोंडावर शिवी दिली. बाबा बसलेच नाहीत. तसेच उभे राहिले.

आणि मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या. कॉलेजची मुलं, गल्लीतली माणसं, अगदी प्राचार्यसुद्धा. टाळ्या माझ्यासाठी होत्या. शाबास पोरी, असं कुणीतरी म्हणालं. सहा महिने बाटली बाटली करून दात काढणारेच ते. मी पुढच्या रांगेतून वाट काढत बाबांपर्यंत गेले आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. माझा राग गेला नव्हता, त्यांच्यावरचाही नाही.

"इथे काय करतेस?" ते हळूच म्हणाले. "ती बाई केव्हाची हात वर करून उभी आहे. तिला माईक दे."

मी मागे बघितलं. मावशी भिंतीला टेकून उभी होती, सोललेला तळहात वर धरून, आणि टाळ्यांच्या नादात तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.