आमेन न मिळालेला बेत

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे आणि लटारूला मी अजून माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते. म्हातारपणी माणसं मवाळ होतात म्हणे, पण पाट्या होत नाहीत.

वारलूने मला एटापल्लीच्या आठवडी बाजारातून आणलं ते त्याच्या मुलासाठी, सुनिलसाठी. सुनिल तेव्हा पहिलीत होता. त्याने माझ्यावर अक्षरं गिरवली, थुंकीने पुसली आणि वह्या मिळताच मला विसरला. मी कोपऱ्यात धूळ खात पडले. मला तिथून उचललं ते त्याच्या आईने, बुधरीने. प्रार्थनाघरातल्या पुनमबाईंनी तिला तिशी उलटल्यावर लिहायला शिकवलं, ते माझ्यावरच.

बुधरीने घरात एक रीत पाडली. चूल पेटवण्याआधी ती दिवसाची कामं माझ्यावर लिहायची. मग सगळे चटईवर बसून डोळे मिटायचे. ज्याची पाळी असेल तो मला हातात घेऊन एकेक काम प्रभूसमोर वाचायचा आणि प्रत्येक कामाला बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. “ज्याले घराचं आमेन नाई, ते काम पुसाचं,” हा बुधरीचा कायदा होता. एकदा वारलूला कोंबड्यांच्या झुंजी पाहायच्या होत्या, म्हणून त्याने ‘कोंबडबाजार पाहायला जाणे’ लिहून घेतलं. त्याला आमेन एकट्या त्याचंच निघालं.

पण या रीतीने घर सुधारलं, यात शंका नाही. बी वेळेवर भिजायचं, छपराची दुरुस्ती पावसाच्या आधी व्हायची. शेजारच्या लटारूची आंधळी आई सोमारी खाटेला खिळली होती. तिला दर दोन दिवसांनी बुधरीच्या घरची पेज जायची, कारण तेही माझ्यावर लिहिलेलं असायचं. पुनमबाई माझं कौतुक करायच्या. लटारू मात्र हसायचा. “बुधरीबाई, देवाले चिठ्ठी लिवून राह्यली का?” म्हणायचा. हा लटारू त्याच प्रार्थनाघरात पुढच्या चटईवर बसतो आणि सगळ्यांत मोठ्याने गातो. आवाज चांगला आहे मेल्याचा.

गेल्या मार्चची गोष्ट. मोहाची फुलं पडू लागली की आमच्याकडे झाडाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे फुलं नीट दिसतात. जाळायचंच असेल तर आधी भोवती झाडून रिंगण करायचं, वारा नसताना पहाटे पेटवायचं आणि निखारा विझेपर्यंत हलायचं नाही. बुधरी तर जाळतच नाही. माझ्यावर ‘झाडणे’ लिहिते आणि झाडते. लटारूला कसली आली आहे पाटी? त्याने भर दुपारी आपल्या झाडाखाली काडी लावली आणि जेवायला घरी निघून गेला.

आग बुधरीच्या मोहांवर आली. तिच्या चार झाडांपैकी दोन बुंध्यापासून भाजली. हंगामात राहण्यासाठी बांधलेली खोपटी जळाली. आत बांधलेल्या शेळ्या सोडवताना वारलूचे दोन्ही तळपाय भाजले. मी खोपटीच्या खांबाला टांगलेली होते. माझी चौकट जळून गेली. बुधरीने धावत येऊन तापलेल्या माझ्या अंगावर पाणी ओतलं आणि मला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चीर गेली.

रविवारी लटारू काय म्हणाला ठाऊक आहे? “माहा काय दोष, बुधरीबाई? वारा सुटला. देवाची मर्जी.” आणि उठून गायला लागला!

दुसऱ्या दिवशी बुधरीने माझ्यावर एक बेत लिहिला. इतका नेटका बेत मी आजवर अंगावर वागवला नव्हता. कोणत्या वेळी वारा लटारूच्या घराकडे वाहतो, त्याने सुकवलेल्या मोहाची रास अंगणात कुठे आहे, माचिस कुठून घ्यायची, घरातल्या कोणाला सांगायचं नाही. माझी जळकी कड आनंदाने शहारली. जशास तसं! बुधरीने मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि तीन दिवस वाऱ्याची वाट पाहिली. त्या तीन दिवसांत घरात प्रार्थना झाली नाही. झाली असती तर माझ्यावरचं सगळं मोठ्याने वाचावं लागलं असतं.

चौथ्या दिवशी बुधरी पाणी आणायला गेली असताना वारलू खाटेवरून म्हणाला, “तीन दिस झाले, प्रार्थना नाई. रीना, पाटी आन.” रीना म्हणजे सुनिलची बायको. त्या दिवशी वाचायची पाळी तिची होती. बुधरी दारात आली तेव्हा रीना भाजी-मिठाची यादी वाचावी तशी वाचत होती, “दुपारी वारा लटारूच्या घराकडे आहे का, पाहणे. मोहाच्या राशीला...” ती थांबली.

“लिवलं हाय ते वाच,” वारलू म्हणाला.

तिने शेवटपर्यंत वाचलं. कोणी आमेन म्हणेना. मला तोंड असतं तर मीच ओरडले असते.

“काऊन मुके झाले?” बुधरीने घागर आदळली. “तुमचेच पाय जळले ना? म्हना आमेन!”

“माहेच पाय जळले,” वारलू म्हणाला. “आग कशी येते ते मले ठावं हाय. त्या घरात सोमारी खाटेवर पडली हाय. तिले कोन उचलन?”

बुधरीने वाऱ्याचा विचार केला होता, माचिसचा केला होता. म्हातारी तिच्या बेतात कुठेच नव्हती. पाच दिवस तिला पेजही गेली नव्हती. बुधरी खाली बसली आणि ओल्या फडक्याने तिने मला पुसलं. मला राग आला, मित्रांनो. फार राग आला.

मग तिने नवा बेत लिहिला. सोमारीला पेज. त्यानंतर गावाची बैठक. दोन्हींना सगळ्यांचं आमेन मिळालं.

बैठकीत लटारूने पुन्हा वाऱ्याचं नाव घेतलं.

“लटारूभाऊ,” बुधरीने विचारलं, “वाऱ्याच्या हाती माचिस कोनं देल्ली?”

लोक हसले. गावाने ठरवलं की या हंगामात त्याच्या दोन झाडांची फुलं बुधरीची, आणि बुधरीच्या झाडांखालचा पाचोळा रोज सकाळी लटारूने स्वतःच्या हाताने झाडायचा. सबंध हंगामभर मी दोरीने फांदीला लटकून त्याची वाकलेली पाठ पाहिली. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

मित्रांनो, तुम्हीही आपले बेत नीट लिहा, आणि लिहिलेलं देवासमोर मोठ्याने वाचा. जो बेत भिंतीकडे तोंड करून ठेवावा लागतो, तो कितीही नेटका असला तरी पुसून टाका.

आता बुधरी रोज सगळ्यांत खाली एक ओळ लिहिते, ‘लटारूला माफ करणे.’ वारलू, सुनिल आणि रीना आमेन म्हणतात. बुधरीच्या तोंडून ते निघत नाही. मग कायद्याप्रमाणे ती ओळ पुसली जाते आणि उद्या पुन्हा लिहिली जाते. लिहिताना ती पेन्सिल इतकी दाबते की माझी चीर वाढत चालली आहे. पाट्यांवर एवढ्या जोराने लिहू नका, जुन्या पाट्या फुटतात. पण हीच ओळ लिहायची असेल, तर लिहा. मी सोसेन.