टोकाला टोक

टिण्!

दुपारची सामसूम होती. खणातल्या फडक्याची गुंडाळी सुटली आणि मी फरशीवर पडले. माझ्यामागोमाग माझी बहीणही.

"आई, आजोबांच्या खणात लोखंडाच्या पेन्सिली!"

मित्रांनो, मी पेन्सिल नव्हे. मी एक जुनी पोलादी सळई आहे. माझं एक टोक निमुळतं आहे आणि ते माझ्या बहिणीच्या टोकाला भिडावं, म्हणूनच मला घडवलं.

घडवलं या पोरीच्या आजोबांनीच, लेथवर. तेव्हा ते आजोबा नव्हते. नेमबाजांच्या रायफली दुरुस्त करणारे तरुण कारागीर होते आणि त्यांच्या बोटांना कायम तेलाचा वास असे. रायफलीवर दुर्बीण लावायची तर आधी बैठक बसवतात, बैठकीवर दोन कड्या आणि कड्यांत दुर्बीण. कड्या एका रेषेत नसल्या, तर दुर्बिणीची नळी पिळवटते आणि नेम हुकतो. म्हणून दुर्बिणीच्या आधी आमचा मान. एका कडीत मी, दुसरीत बहीण, समोरासमोर. टोकाला टोक भिडलं की ते, म्हणजे माझे मालक, म्हणायचे, "जुळलं!"

पण तेवढ्यावर ते थांबत नसत. वरून बघून झालं की खाली वाकायचे, टेबलाला गाल टेकवायचे आणि बाजूने बघायचे. त्यांची लहानगी लेकही शेजारी गाल टेकवायची.

"वरून काय, सगळंच जुळलेलं दिसतं बाई. खरं ते बाजूने कळतं."

"बाबा, तुमच्या मिशीला ग्रीस लागलंय."

"बघ! तेही बाजूनेच दिसलं ना?"

एखाद्या कडीची उंची केसभर कमी भरली, तर बैठकीखाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवायची आणि पुन्हा आम्हाला बसवायचं. गिऱ्हाइकं म्हणायची, "यांचा हात लागला की बघायला नको." आम्ही मनातल्या मनात चमकायचो.

वर्षं गेली. ती लेक स्वतः आई झाली आणि तान्ह्या पोरीला घेऊन इथेच राहू लागली. मालकांचे डोळे मात्र विझत चालले होते. "चष्म्याने आता काही व्हायचं नाही," डॉक्टर म्हणाले. मालकांनी काम सोडलं नाही. दुसरं येतंच काय होतं त्यांना?

एके दिवशी टेबलाला गाल टेकवून ते म्हणाले, "जुळलं!" माझं टोक बहिणीच्या टोकापेक्षा खाली राहिलं होतं. ओरडावंसं वाटलं, पण सळईला कुठला आवाज?

लेकीने ते पाहिलं. मालक हात धुवायला गेले, तेव्हा तिने पट्टी सरकवली, वाकून दोन्हीकडून बघितलं आणि गुपचूप बाळाला पाजायला गेली. त्यानंतर रोज हेच. बाबांना कळलं तर ते पुन्हा पान्याला हात लावणार नाहीत, ही तिची धास्ती. "जुळलं का गं?" त्यांनी विचारलं की ती म्हणायची, "तुम्ही बसवलंय, जुळणार नाही तर काय!"

हळूहळू मालक हात धुवायला फार वेळ लावू लागले. स्क्रू अर्धेच आवळून ठेवू लागले. पट्ट्यांची डबी झाकण काढून टेबलाच्या तिच्या बाजूला ठेवू लागले. घाईघाईत तिचं लक्ष कधी तिकडे गेलं नाही. मी रोज बघत होते.

मग एका हिवाळ्यात मालक गेले. आम्हाला फडक्यात गुंडाळून खणात ठेवलं. तो खण आजपर्यंत पुन्हा कुणी उघडला नव्हता. माझ्या अंगावर गंज चढला.

आज लेकीने आम्हाला मांडीवर घेतलं आणि तेलाचं बोट फिरवलं. पोरीने खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने ती पट्ट्यांची गोष्ट पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली.

मित्रांनो, तुमच्या घरात अशी जुनी हत्यारं असतील, तर त्यांना तेलपाणी करत जा. आणि ज्यांनी ती हातात धरली, त्यांच्याशी वेळ आहे तोवर बोलून घ्या. आम्हाला सगळं दिसतं, पण काही सांगता येत नाही.

पोरीने आम्हा दोघींची टोकं एकमेकींना लावली. टेबलाला गाल टेकवून तिने बाजूने बघितलं आणि विचारलं,

"आई, पण आजोबांना ते ठाऊक होतं का गं?"