सहा खिशांची पिशवी

"सर, हे पिशवी लागते का तुमाले, का मी घरी नेऊ?"

गोदावरीबाईंनी प्रयोगशाळेच्या दारातूनच एक कापडी पिशवी वर धरली. देवदत्त चांदुरकर कॉम्प्युटरसमोर बसून परवाच्या व्हायवाच्या स्लाइड पुन्हापुन्हा तपासत होता. नऊ वर्षं रखडलेली पीएच.डी. एकदाची संपायला आली होती, आणि अशा वेळी माणसाला पिशवीबिशवीत रस नसतो. 'ठेवा तिकडे' म्हणायला त्यानं मान वळवली, तर त्याला पिशवीवरचे आकडे दिसले.

पंडरीच्या कापडबाजारातल्या उरल्यासुरल्या कापडाची, निळ्या फुलांची पिशवी होती. तिच्यावर दोन ओळींत सहा खिसे शिवले होते आणि प्रत्येक खिशावर लाल दोऱ्यानं आकडा काढला होता. अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा.

"ही कशाची पिशवी?"

"तुमच्या डब्यायची."

"त्या नोंदीच्या डब्या तर तुम्ही सहाही जणी कमरेला लावत होतात ना?"

बाईंना हसू आलं. "लुगड्याले पट्टा कुठं रायते, सर? खोचली त वाकल्यावर पडे. अन् तुम्हीच म्हणले होते, हरपली त नोकरी गेली समजा. लता त रडालेच लागली. मंग मी म्हटलं, आणा सगळ्या माह्यापाशी. माह्या पोट्टीनं आकडे काढून देल्ले, मी टाके घातले. सकाळी घेतल्या का पिशवीत, संध्याकाळी काढून तुमच्या टेबलावर. चाळीस दिवस, सर, एक डबी इकडची तिकडं नाई झाली."

"चाळीसही दिवस तुमच्याच खांद्यावर?"

"हव. एक दिवस ताप होता त पंपघराच्या खिळ्यावर पिशवी टांगून घरी गेल्ती. तेवढंच. खांदा दुखे थोडा, पण तुमचं काम होतं न."

देवदत्तनं माऊसवरचा हात काढला.

त्याचा विषय सांगायला सोपा होता. टॉवर नसेल तिथं, म्हणजे जंगलात किंवा पुरात, एका फोननं जवळच्या दुसऱ्या फोनला निरोप द्यायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पण तिसरा जवळ येणार की नाही, हे माणसं कशी चालतात यावर ठरतं. आजवरचे विद्वान कॉम्प्युटरमध्ये ठिपके सोडत आणि धरून चालत की प्रत्येक ठिपका मनाला येईल तिकडं जातो, थोडा थांबतो, पुन्हा भलतीकडं जातो. 'खरी माणसं अशी चालत नाहीत,' हे देवदत्तच्या प्रबंधातलं पहिलंच वाक्य होतं आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

खरी माणसं कशी चालतात हे पाहायला त्यानं कॉलेजातल्या चोवीस जणांना साबणाच्या वडीएवढ्या डब्या वाटल्या होत्या. माळी, चौकीदार, शिपाई आणि झाडूपोछा करणाऱ्या सहा बायका. डबीत जागेची आणि वेळेची नोंद होत असे. वाटताना तो म्हणाला होता, "पट्ट्याला अडकवा, दिवसभर काढू नका." समोर सहा बायका लुगडं नेसून उभ्या होत्या आणि साहेबांपुढं मान हलवायची असते म्हणून सहाही जणींनी "हव सर" म्हटलं होतं. हरवण्याबद्दलचं ते वाक्य तो गमतीनं बोलला होता. गंमत करणाऱ्याची नोकरी पक्की असली की गंमत छान जमते.

नोंदी आल्या तेव्हा अकरा ते सोळा हे सहा ठिपके एकमेकांना सोडून हलतच नव्हते. एवढी सोबत खरी नसावी, असं त्याच्या मनात आलं होतं. ते त्याला आत्ता लख्ख आठवलं. खाली जाऊन कुणालाही विचारलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण उत्तर इतकं देखणं होतं की विचारायचा धीर झाला नाही. त्या सहा ठिपक्यांवर त्याचं चौथं प्रकरण उभं राहिलं, त्याला नाव मिळालं 'श्रमिक गटांचे सहचलन', आणि हैदराबादच्या परिषदेत लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका दिवशी सहाही ठिपके सकाळपासून पंपघरापाशी खिळले होते. त्या दिवसापुढं 'यंत्रदोष' लिहून त्यानं तो दिवस काढून टाकला होता.

"चुकलं का सर, काही?" बाईंचं हसू मावळलं होतं.

"नाही, नाही." तो उठून दाराशी गेला, बाहेर कुणी नाही ना पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "फक्त हे कुणाला सांगू नका, गोदावरीबाई. उगाच तुमच्यावर येईल."

बाईंनी मान हलवली. "हव सर." पिशवी टेबलावर ठेवून त्या बादली उचलून गेल्या. आपण त्या बाईला दुसऱ्यांदा नोकरीची भीती घातली, हे देवदत्तला त्या गेल्यावर कळलं, आणि कळूनही तो त्यांच्यामागं गेला नाही.

संध्याकाळी तो आणि त्याची बायको स्वरदा नेहमीप्रमाणे तेलीबांध्याच्या तळ्याकडं फिरायला गेले. गाडी लावताच तिनं आपला मोबाइल त्याच्यापुढं धरला. "हा ठेवा खिशात."

त्यानं तो घेतला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. गेली चार वर्षं रोज तो स्वतःच्या फोनशेजारी तिचा फोन खिशात टाकत होता. आसपास पाहिलं तर निम्म्या नवऱ्यांचे खिसे दुहेरी फुगलेले होते.

"काय झालं? असे काहून पाहून राहिले?"

त्यानं सगळं सांगितलं. स्वरदा एका सरकारी कार्यालयात होती आणि तिला माणसांच्या चुका रोज पाहायची सवय होती.

"मग सांगून टाका न परवा. सहा महिने आणखी जातील. जाऊ द्या."

"बायकांना बोलणी बसतील."

"बायकांना?" तिनं त्याच्याकडं पाहिलं. "त्या बायकांचं नाव पुढं करू नका तुम्ही. तुमाले भीती वाटून राहिली, तर तसं म्हणा."

ते त्याला लागलं, कारण ते खरं होतं. रात्री अंथरुणावर त्यानं ठरवलं की सांगायचं. सकाळी दाढी करताना त्यानं ठरवलं की कुणी विचारलं तर सांगायचं.

व्हायवाच्या दिवशी हॉल भरला होता. भोपाळहून आलेले परीक्षक मोठे रसिक निघाले. पडद्यावर चौथं प्रकरण आलं, हिरव्या नकाशावर सहा लाल ठिपके एकमेकांना चिकटून चालू लागले, तसे ते खुर्चीत पुढं सरकले.

"ये तो कमाल है! ये छह लोग अलग क्यों नहीं होते?"

कुणी विचारलं तर सांगायचं, असं ठरलं होतं. विचारलं होतं. देवदत्तनं घसा खाकरला. "सर, ये सफाई कर्मचारी महिलाएँ हैं. इनमें आपस में बहुत लगाव है."

"इनमें से कोई यहाँ है क्या?"

चहाचा ट्रे घेऊन गोदावरीबाई मागच्या दाराशीच उभ्या होत्या. कॉलेजच्या संचालकांनी कौतुकानं त्यांना पुढं बोलावलं. ट्रे कुठं ठेवावा हे न कळून त्या तो हातात घेऊनच आल्या.

"बाई, आप छहों सच में दिनभर साथ ही रहती हैं?"

देवदत्तला अजूनही बोलता आलं असतं. 'सर, थांबा' एवढंच म्हणायचं होतं. पण तो पडद्याकडं पाहत राहिला. गोदावरीबाईंनी एकदा पडद्यावरचे ठिपके पाहिले, मग त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. साहेबाला काय हवं आहे ते ओळखून घ्यायची जुनी सवय तेवढी होती.

"हव साहब," त्या इथल्या वळणाच्या हिंदीत म्हणाल्या. "हमन छहों संगे-संग रहते हैं. एक-दूसरे को छोड़ते नहीं."

हॉलमध्ये हसू पसरलं, कुणीतरी टाळी वाजवली, आणि परीक्षकांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. अर्ध्या तासानं देवदत्त डॉक्टर झाला. लोक हात मिळवत होते आणि त्याला प्रत्येक वेळी हात ओला आहे की काय असं वाटून तो पँटला पुसत होता.

सगळे जेवायला गेल्यावर बाई कप गोळा करायला आल्या. त्यानं पेढ्यांचा डबा पुढं केला.

"बराबर बोलली न सर, मी?"

"हो," तो म्हणाला. आणखी बरंच म्हणायचं होतं. "बाई, मी त्या दिवशी—"

"जाऊ द्या न, सर. झालं न तुमचं." त्यांनी पेढे मोजून घेतले, सहा. "आमाले कायले एवढं? पण त्यायले देते नेऊन. त्याही पुसत होत्या, सरांचं कधी होते म्हणून."

त्या गेल्या. देवदत्त प्रयोगशाळेत येऊन खिडकीशी उभा राहिला. दुपारचं ऊन होतं आणि आवार रिकामं होतं. गोदावरीबाई जिना उतरून आधी फाटकापाशी गेल्या. तिथं लता एकटीच पाचोळा ओढत होती. दोघी थोडा वेळ बोलल्या. मग बाई वाचनालयाच्या पायऱ्यांकडं वळल्या, तिथं आनंदी पाणी टाकून फरशी घासत होती. तिथून वर्कशॉपमागं, मग मैदान ओलांडून पार टोकाला होस्टेलकडं, मग कँटीनच्या मोरीपाशी. एवढ्या मोठ्या आवारात पाच बायका पाच टोकांना एकेकट्या वाकलेल्या होत्या. तीन वर्षं याच खिडकीशी त्याचं टेबल होतं.

खालून कुणीतरी "डॉक्टरसाहेब, जेवायला चला" म्हणून हाक मारली.

पाच पेढे वाटून झाल्यावर बाई पंपघराच्या सावलीत टेकल्या. आपला पेढा त्यांनी दोन घासांत खाल्ला, बोटं पदराला पुसली आणि डावा हात उजव्या खांद्यावर नेऊन हळूहळू चोळत बसल्या.